अठ्ठाविसावा दिवस

ग्रिम्सबीत जानेवारीत चार वाजताच दिवे लावावे लागतात.
दुकानात काउंटरला मी एकटी, छातीवर डेमियनचा बिल्ला.
तो ऑगस्टात सोडून गेला,
माझ्या नावाचा अजून छापून यायचाय.

एनिड डाऊस आत आल्या आणि काउंटरवर
पाव ठेवावा तसा फोन ठेवला.
"ह्याला ऐकू येतं. बोलता येत नाही."

बॉयलर बंद पडला म्हणून कौन्सिलला अकरा वेळा लावला,
अकराही वेळा पलीकडची बाई हॅलो हॅलो करून
ठेवून मोकळी झाली.
"मी आपली बोलतेय. पत्ता सांगतेय, पोस्टकोड सांगतेय,
घरात अंगावर दोन कोट,
आणि ती म्हणते, कोणीतरी चेष्टा करतंय."

मी मला पाठ होतं ते म्हणाले.
पहिल्याच दिवशी गॅरेथने घोकून घेतलेलं :
आम्ही फक्त विकतो. बनवते कंपनी.
कंपनीकडे पाठवा, सहा आठवडे धरा.
बोलताना नजर कुठे ठेवायची तेही त्याने शिकवलंय :
गिऱ्हाइकाच्या कपाळावर.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातमोजे काढले.
बोटांवर बारीक पांढरे वण, आडवे,
डाव्या अंगठ्याचं पेर अर्धंच.
"एकतीस वर्षं मासे कापले मी, गोदीवर.
हॅडॉक, कॉड, येईल ते.
एखादा नासका जायचा. मग बाई परत घेऊन यायची,
कागदात गुंडाळून, नाकाला रुमाल.
तिला आम्ही कधी म्हटलं नाही,
आम्ही फक्त विकतो, बाई,
जा, समुद्राला विचार."

मागे रांगेतला एक जण हसला.
त्या नाही हसल्या.

बिस्किटांच्या डब्यातून पावती निघाली.
छपाई उडत चाललेली, म्हणून आकड्यांवरून त्यांनी
निळं पेन गिरवलेलं.
मग भरती-ओहोटीचं कॅलेंडर.
घेतल्या दिवसापासून रोज एक फुली. अठ्ठावीस फुल्या.
"तीस दिवसांच्या आत खराब निघाला तर पैसे परत. पूर्ण.
दुरुस्ती नको, कूपन तर नकोच.
आणि देणार तो, ज्याने घेतले.
लायब्ररीतल्या पोराने मोठ्या अक्षरांत छापून दिलंय.
धर."

"तपासावं लागेल," मी म्हणाले. तेही पाठच होतं.
त्यांच्याच फोनवरून आतल्या खोलीत गॅरेथला लावला.
भिंतीपलीकडे घंटा वाजली.
"हॅलो?"
मी म्हणाले, नाताळातले जादा तास अजून मिळाले नाहीत.
"हॅलो? कोण?"
मी म्हणाले, पाच महिने झाले, मी डेमियन नाही.
"आवाज येत नाहीये."
मी म्हणाले, ह्याच खोक्यातले आधीचे दोन परत आलेत,
तुला माहीत होतं, तरी विकायला लावलास.
"च्यायला, कोणीतरी चेष्टा करतंय," तो म्हणाला, आणि ठेवला.

फोन बिघडलेला आहे, हे सिद्ध झालं.

मग दार उघडून मी त्यातलं शेवटचं वाक्य
तोंडाने म्हणाले. आवाज जरा फाटला.
गॅरेथच्या हातात अर्धं सँडविच.
"आपली पद्धत माहितीये ना तुला?"
माहितीये, मी म्हणाले,
आणि मोठ्या अक्षरांचा कागद त्याच्या सँडविचशेजारी ठेवला.
तो बराच वेळ वाचत राहिला. सात ओळी होत्या.

परताव्याचं कारण संगणक विचारतो. यादी देतो :
ग्राहकाचं मन बदललं. रंग आवडला नाही.
चुकून घेतला. इतर.
'सदोष' पार तळाला,
माउस दोनदा निसटला.

एनिडबाईंनी नोटा मोजल्या,
अर्ध्या पेराला जीभ लावून, भरभर.
सिमकार्ड पाकिटात टाकलं.
कव्हर बाजारातून वेगळं घेतलेलं, ते सोलून काढलं.
दारापर्यंत गेल्या, वळल्या, बिल्ला वाचला.
"डेमियन, बॉयलरचं राहिलंच की.
तुझ्याकडे साधा, वायरवाला फोन आहे का?
कौन्सिल पाचला बंद होतं."

चार चाळीस झाले होते.
मी दुकानाचा फोन त्यांच्याकडे सरकवला.